बिनी : एका शब्दाची वाटचाल

निवडणुकीच्या बातम्या असोत, साहित्य संमेलनाचा वृत्तान्त असो की क्रिकेटचा सामना, मराठी वर्तमानपत्रांत ‘बिनीचे शिलेदार’ हा शब्दप्रयोग हटकून भेटतो. पक्षाचे बिनीचे कार्यकर्ते, संघाची बिनीची जोडी, रंगभूमीवरील बिनीचे कलावंत. आघाडीचे, पहिल्या रांगेतले हा अर्थ सर्वांनाच कळतो. पण बिनी म्हणजे नेमके काय, असे उर्दू माध्यमातल्या एखाद्या विद्यार्थ्याने मराठीच्या तासाला विचारले तर त्याला काय सांगायचे?

त्याला सांगावे की हा शब्द तुझ्या ओळखीचा आहे. फारसीत बीनी म्हणजे नाक. माणूस चालू लागला की त्याचे नाक सर्वांत पुढे असते. तसेच कूच करणाऱ्या फौजेचे जे नाक, ती तिची बिनी.

येथे एक गल्लत होण्याचा संभव असतो. दूरबीन, खुर्दबीन, बारीकबीनी, पेशबीनी हे शब्द उर्दू वाचणाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचे आहेत. त्यांतला ‘बीन’ मात्र ‘दीदन’ म्हणजे पाहणे या क्रियापदाचा. मराठीतली दुर्बीण त्याच घराण्यातली. लिहिताना दोन्ही ‘बीनी’ सारख्याच दिसतात, म्हणून पुढे जाऊन टेहळणी करणारी ती बिनी, असा अर्थ कोणी लावील. अर्थ जुळतो, पण मूळ जुळत नाही. फौजेची बिनी डोळ्यावरून आलेली नाही, नाकावरून आलेली आहे.

या बिनीचे काम काय असे? टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांत बिनीवाल्याचा उल्लेख आहे. मुक्काम हलला की हा अधिकारी पुढे जाई आणि नव्या जागी लहानसे पांढरे निशाण रोवी. त्या निशाणाच्या ठिकाणी महाराजांचे तंबू पडत. म्हणजे बिनीला मान होता तसा भारही होता. जागा तिने पाहायची, वाट तिने काढायची आणि शत्रू समोर आलाच तर पहिला वारही तिनेच झेलायचा.

या कामावरून आडनावही पडले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६९ मध्ये उत्तरेत पाठवलेल्या मोहिमेत रामचंद्र गणेश यांच्यासोबत विसाजी कृष्ण बिनीवाले होते. फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परतला.

आता ‘शिलेदार’ पाहा. अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, त्याला फारसी ‘दार’ जोडून सिलाहदार. मराठी फौजेत स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणून बिनीचा शिलेदार म्हणजे स्वतःच्या ऐपतीवर येऊन सर्वांत पुढे उभा राहणारा.

याच कामासाठी मोगलांच्या फौजेत ‘हरावल’ हा शब्द होता. पिछाडीला तेथे ‘चंदावल’ म्हणत. अरबीत फौजेच्या आघाडीला ‘मुकद्दमा’ म्हणतात. ग्रंथाची प्रस्तावना तीही मुकद्दमाच, कारण तीही पुढे चालते. इब्न खल्दूनचा १३७७ मधला ‘मुकद्दमा’ जगप्रसिद्ध आहे. त्याच धातूचा ‘मुकद्दम’ दख्खनमध्ये गावचा मोकदम म्हणजे पाटील झाला, आणि आज ऊसतोड मजुरांच्या टोळीचा मुकादम म्हणून तो फडावर भेटतो. ‘पेशवा’ या शब्दाचा अर्थही पुढे चालणाराच. निजामशाहीत मलिक अंबर पेशवा होता.

हे शब्द परके म्हणून काढून टाकावेत, असा प्रयत्न आपल्याकडे वारंवार झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. आपल्या राज्याचा कारभार आपल्या शब्दांत चालावा, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. तरी पेशव्यांना ‘पंतप्रधान’ हे नाव मिळूनही लोक त्यांना पेशवेच म्हणत राहिले. विसाव्या शतकात माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे त्यांनीच भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. एवढा थोर जाणकार दोन्ही बाजूंना उभा राहिला, यावरून हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते दिसते.

आपणही एक पथ्य पाळावे. मराठीत फारसी शब्द सापडला की तो आपला विजय समजू नये. बिनी फारसीतून आली खरी, पण तिला ‘ची’ प्रत्यय लागला, ती मराठी निशाणाबरोबर दिल्लीपर्यंत गेली आणि आज क्रिकेटच्या मैदानावर उतरली, ती मराठी म्हणूनच. इराणमधील माणसाला ‘बिनीचा फलंदाज’ म्हटले तर तो ‘नाकाचा फलंदाज’ असेच समजेल.

मराठी ही आपली भाषा नव्हे, अशी भीती ज्या मुलांच्या मनात कळत नकळत बसते, त्यांच्यासमोर अशा शब्दांची ही वाटचाल मांडायला हवी. या भाषेच्या पहिल्या रांगेत त्यांच्या घरातले शब्द केव्हापासून उभे आहेत, हे त्यांना कळू द्यावे. पुढे त्या रांगेत उभे राहणे हे त्यांचे काम आहे, आणि बिनीचे काम सोपे कधीच नव्हते.