सतरंजीवरचे श्रोते

भीमसेन जोशी (१९२२–२०११) लहानपणी गदगला वाजंत्री-बँडच्या मिरवणुकीमागे चालत जात आणि दमले की वाटेतच निजत. शोधून थकलेल्या वडिलांनी अखेर मुलाच्या सदऱ्यांवर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, असे सांगतात. याच मुलाने पुढे १९५३ मध्ये पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. रात्रभर चालणाऱ्या त्या मैफलींत आईबापांच्या कडेवरून आलेली पोरे सतरंजीवर झोपत. पहाटे भैरवीला कोणी हलवून उठवी. त्यांनी काय ऐकले? माझ्या मते, पुष्कळ. झोपेत झिरपलेल्या सुरांची नोंद संगीताचा इतिहास ठेवत नाही, एवढेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर त्या रात्री आखडत गेल्या. आता मैफल बहुधा रात्री दहाला आवरते. मुले घरी जाऊन निजतात.