टेबलावरचा पांढरा डाग केव्हापासूनचा?

जुन्या पॉलिशच्या टेबलावर गरम चहाचा कप ठेवला की खाली पांढरट गोल उमटतो. उपाय विचारा, घरातले चार जण चार सांगतील. खोबरेल तेल चोळ, टूथपेस्ट लाव, सुती फडकं ठेवून वरून हलकी इस्त्री फिरव, सिगारेटची राख तेलात कालवून घास. यातला कुठला चालतो ते पुढे येईलच. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी आधी दुसरा प्रश्न घेऊ: हा डाग लोकांना ‘त्रास’ केव्हापासून वाटायला लागला?

प्रश्न विचित्र वाटेल. पाणी आणि लाकूड तर कायमचेच सोबती. पण हा डाग लाकडावर नसतोच, तो लाकडावरच्या पातळ थरात असतो. लाखेचं पॉलिश घ्या. लाख पाण्यात विरघळत नाही, पण ओल थोडी थोडी आत घेते. उष्णतेने ती मऊ पडते, मग कपाखालची वाफ आत शिरायला वेळ लागत नाही. थरात अतिसूक्ष्म पोकळ्या होतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि थर पांढरा दिसतो. साबणाचा फेस पांढरा दिसतो त्याच कारणाने. काळा डाग हे वेगळं प्रकरण. तिथे पाणी थेट लाकडापर्यंत पोचलेलं असतं आणि लाकडातलं टॅनिन लोखंडाच्या अंशाशी मिळून काळं पडलेलं असतं. त्याला तेल-राख काही करू शकत नाही.

म्हणजे पांढऱ्या डागाचा इतिहास हा त्या थराचा इतिहास. आणि तो थर बराचसा आपल्याकडून गेलेला आहे.

गार्सिया द ओर्ताने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात लाखेवर लिहिलं आहे. 1583 ते 1588 गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाचं पुस्तक 1596 साली आलं. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून रंग कसा चढवतात, ते त्याने सांगितलं आहे. कांतकामाची खेळणी रंगवताना कारागीर आजही हेच करतात: घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. यात स्पिरिट कुठेच नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून थरावर थर देण्याची माहिती इंग्रजीत 1688 सालच्या स्टॉकर आणि पार्कर यांच्या वार्निशवरच्या पुस्तकात सापडते, पण ती जपानी लाखकामाची नक्कल करणाऱ्या शोभेच्या वस्तूंसाठी. साध्या जेवणाच्या टेबलाचं काय? थॉमस शेरेटनचा 1803 सालचा फर्निचरकोश उघडा. तिथे पॉलिश म्हणजे मेण, किंवा जवसाचं तेल आणि विटेची पूड.

इथे थोडं थांबा, कारण विद्यार्थी घाई करतात ती याच जागी. ‘लाख आली, डाग आला’ असं लिहून मोकळं होता येत नाही. मेणावरही पाण्याचा पांढुरका डाग पडतो. फरक असा की घरात टेबल पुसणारी नोकराणी परत मेण घासते आणि डाग जातो. ती रोजच्या कामाचीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्रान्सकडून इंग्लंडात जे ‘फ्रेंच पॉलिश’ पसरलं, ते कापडाच्या बोळ्याने, स्पिरिटमधल्या लाखेचे कित्येक पातळ हात देऊन करायचं कसबी काम. आरशासारखी चमक येते, पण घरच्या माणसाला ती परत आणता येत नाही, पॉलिशवाला बोलवावा लागतो. माझा तर्क असा, की दुरुस्तीचं कसब घराबाहेर गेलं तेव्हा हा डाग ‘समस्या’ झाला आणि घरगुती उपायांना गिऱ्हाईक मिळालं. तर्क तपासता येण्याजोगा आहे: गृहव्यवस्थेची जुनी पुस्तकं सालवार लावा आणि डागाचा उपाय कधी, कुठल्या शब्दांत येतो ते बघा. मेणाच्या काळातल्या पुस्तकांतही असे वेगळे उपाय भरपूर निघाले, तर तर्क पडला.

दुसरं टोक भारतात. कंपनीच्या काळात लाखेला भाव होता तो मुख्यतः तिच्या लाल रंगाला. 1856 नंतर कृत्रिम रंग आले, लाखेच्या रंगाचा व्यापार बसला आणि राळेला महत्त्व आलं. छोटा नागपूरच्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन लांबलचक कापडी पिशवीत भरायची, कोळशाच्या शेगडीसमोर पिशवी पिळायची आणि बाहेर आलेला गरम गोळा एका माणसाने हात, पाय आणि दात यांत धरून कागदासारखा ताणायचा. झाली चपडी लाख! लंडनच्या गृहिणीसाठीच्या पुस्तकात हा माणूस भेटेल अशी आशा धरू नका. त्याच्यासाठी जॉर्ज वॉटचा भारतीय उत्पादनांचा कोश, वनखात्याचे अहवाल आणि 1924 साली रांचीजवळ नामकुमला सुरू झालेल्या लाख संशोधन संस्थेची प्रकाशनं उघडावी लागतील. एकाच डागासाठी दोन दप्तरं, आणि ती एकमेकांचं नाव क्वचितच घेतात. सिनॉप्सिसमध्ये जागा करायची तर ती इथे आहे.

आता उपायांकडे. तेल थरातल्या पोकळ्या भरतं, म्हणून पांढरेपणा झाकला जातो. इस्त्रीने ओल निघू शकते, पण तापमान थोडं चढलं तर लाखच वितळते. राख आणि टूथपेस्ट वरचा पापुद्रा घासून काढतात. स्पिरिटचं जेमतेम ओलसर फडकं थर किंचित विरघळवून पुन्हा सांधतं. पॉलिशवाल्याच्या हातात हा सगळ्यात चांगला उपाय. पण तुम्हाला त्या टेबलाबद्दल लिहायचं असेल तर सगळ्यात घातक हाच. टेबल 1790 चं असेल, त्यावरची लाख 1850 ची आणि वरचा हात 1930 चा. जुनी मेणाची टेबलं नंतर सर्रास फ्रेंच पॉलिश केली गेली, म्हणून थराचं वय हे लाकडाचं वय धरू नका. स्पिरिट फिरलं की लाखेचे दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि तो पुरावा परत मिळत नाही.

संग्रहालयात किंवा कुणाच्या घरी असं टेबल बघायला गेलात, तर परवानगी काढून खोली अंधारी करा आणि अतिनील टॉर्च मारा. लाख नारिंगी झळकते. टेबल दुरुस्तीला गेलं असेल तर झळाळीत तुकडे-तुकडे दिसतील. 1920 च्या दशकापासून आलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर तसं झळकत नाही, आणि पांढरा डाग त्यावरही पडतो, तेव्हा नुसत्या डागावरून लाख ठरवू नका. डागाचा फोटो मोजपट्टी ठेवून, तिरप्या उजेडात घ्या. मालकाला डाग काढायचाच असेल तर तो त्यांचा हक्क. फक्त तुमचा फोटो झाल्यावर काढा, असं सांगा.