सात समुद्रांचे उल्लंघन आणि यानाचे इंजिन : विज्ञानकथात्म खेळांतील औचित्याचा प्रश्न

१

नवव्या शतकातील काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात जो एक प्रश्न हाताळला आहे, तो आधुनिक विज्ञानकथेच्या मीमांसेत अद्याप पुरेसा वापरला गेलेला नाही. केवळ मर्त्य असलेल्या राजाने सात समुद्र ओलांडल्याचे कवीने दाखवले, तर वर्णन कितीही सुबक असले तरी रस उणावतो आणि त्याचे कारण अनौचित्य होय, असे आनंदवर्धन सांगतो. त्यावर तो स्वतःच एक आक्षेप उपस्थित करतो. सातवाहनादी राजे नागलोकी गेल्याच्या कथा तर परंपरेने ऐकत आलेल्या आहेत. त्यांची वाट काय? उत्तर असे की, ज्याचा जेवढा पराक्रम श्रुत आहे, तेवढाच त्याच्या ठायी वर्णिला असता तो अनुरूप वाटतो. त्याहून अधिक जोडले की अनौचित्य येते.

या उत्तरात दोन निकष एकत्र आलेले आहेत. पहिला निकष प्रकृतीचा : कर्त्याच्या अंगी मुळात किती सामर्थ्य असू शकते? दुसरा श्रुताचा : श्रोत्यांनी त्याच्याविषयी काय मान्य करून ठेवले आहे? विज्ञानकथेतील अवकाशयानाचे इंजिन हा या दृष्टीने सात समुद्र ओलांडणारा नवा राजा आहे. पदार्थविज्ञान त्याची प्रकृती ठरवते आणि कथेने, मालिकेने किंवा खेळाच्या नियमपुस्तकाने घालून दिलेली चौकट हे त्याचे श्रुत होय. हे दोन निकष परस्परांशी भांडू लागले की काय होते, हे भूमिकाखेळांच्या, म्हणजे ज्यांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्या खेळांच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते. मात्र तेथेही एक बाब सहसा झाकलेली राहते आणि ती पाहण्यासाठी पनवेलजवळच्या रसायनी या औद्योगिक वसाहतीपर्यंत यावे लागते.

२

हा वाद खेळांपेक्षा जुना आहे. ज्यूल व्हर्नच्या १८६५च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत यान तोफेतून डागले जाते. तोफेची लांबी ९०० फूट आणि गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर धरला, तर आतील प्रवाशांवर पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक त्वरण येते. म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच संपतो. तथापि धक्क्याचा प्रश्न व्हर्नने टाळलेला नाही. पाण्याचे थर आणि मोडणारे पडदे यांची योजना करून त्याने त्याला कथेतच उत्तर दिले आहे. उत्तर चुकीचे आहे, पण प्रश्न मान्य केलेला आहे. १९०१ साली एच. जी. वेल्सने गुरुत्व अडवणारे एक काल्पनिक द्रव्य वापरून आपली पात्रे चंद्रावर पोहोचवली, तेव्हा व्हर्नने घेतलेला आक्षेप याच स्वरूपाचा होता : आपण पदार्थविज्ञान वापरतो, वेल्स मात्र नवे द्रव्यच निर्माण करतो. वाचकांनी दोन्ही कादंबऱ्या स्वीकारल्या. म्हणजेच पटण्याचा प्रश्न केवळ बरोबर-चूक या द्वंद्वाने सुटत नाही.

मराठीत हा विषय व्हर्नच्या वाटेनेच आला. कृष्णाजी आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० साली ‘चंद्रलोकची सफर’ हे रूपांतर क्रमशः येऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, रशियातील एक शाळामास्तर कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की याने अग्निबाणाचे मूलभूत समीकरण प्रसिद्ध केले. यानाच्या वेगात किती बदल घडवता येईल, हे केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग, आणि भरलेल्या यानाचे रिकाम्या यानाशी असलेले वस्तुमानाचे गुणोत्तर. वेगबदल सम पायऱ्यांनी वाढत गेला तर हे गुणोत्तर गुणाकाराने फुगत जाते. कल्पित इंजिनाच्या प्रकृतीचा हिशेब त्या दिवसापासून कोणालाही मांडता येऊ लागला.

३

१९७४ हे साल या संदर्भात लक्षणीय ठरते. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आली आणि पहिली ठरली. त्याच वर्षी अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध होऊन भूमिकाखेळ हा प्रकार अस्तित्वात आला. फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनाचे तंत्रज्ञान भारतीय अवकाश संशोधन संस्थेला मिळवून देणारा करारही १९७४चाच. त्यातून पुढे ‘विकास’ हे इंजिन घडले. या तीन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु इंजिनाकडे पाहण्याच्या तीन वृत्ती त्यांतून वेगळ्या काढता येतात.

नारळीकरांच्या कथेचा भर कृष्णविवराजवळ कालगती मंदावते या तत्त्वावर आहे. इंजिन तेथे दुय्यम आहे. लघुकथेला ही सवलत मिळते, कारण वाचक तिच्या पानांबाहेर यान चालवून पाहत नाही. भूमिकाखेळात ही सवलत नसते. तेथे एक जण निवेदक-पंच असतो, इतर जण पात्रे होतात, फासे टाकले जातात आणि कथानक बसल्या जागी घडते. लेखकाने न सांगितलेल्या दिशेने यान वळवण्याचा अधिकार खेळाडूला असतो. त्यामुळे इंजिनाचे वर्णन पुरत नाही, त्याचा नियम लागतो. आणि प्रत्येक नियमाचे सर्व परिणाम कोणी ना कोणी खेळाडू शोधून काढतोच. संहितेची एवढी निष्ठुर तपासणी दुसऱ्या कोणत्याही कथनप्रकारात क्वचितच होते.

१९७७ मध्ये अमेरिकेतील गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने प्रसिद्ध केलेला, मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात दोन इंजिने आहेत. एक ताऱ्याकडून ताऱ्याकडे ‘उडी’ घेणारे, दुसरे ग्रहांच्या परिसरात यान हलवणारे. पहिले ज्ञात विज्ञानात बसत नाही. दुसरे वरकरणी साधे वाटते. गंमत अशी की, पहिले सहज पटते आणि वाद सारा दुसऱ्यावर झाला.

उडीच्या इंजिनाला नियमकर्त्याने किंमत लावली आहे. प्रत्येक उडीला सुमारे एक आठवडा लागतो. एका पार्सेकच्या उडीसाठी यानाच्या आकारमानाचा दहावा भाग हायड्रोजन खर्ची पडतो. इंधन विकत घेणे परवडत नसेल तर वायुरूप महाग्रहाच्या वातावरणातून ते गोळा करता येते, पण अशुद्ध इंधनाने उडी चुकण्याचा धोका असतो. शिवाय यानाहून वेगाने संदेश जाऊ शकत नाही. या शेवटच्या नियमातून त्या कल्पित साम्राज्याची समाजरचनाच निष्पन्न होते : राजधानीची आज्ञा सीमेवर पोहोचण्यास महिनेच्या महिने लागत असल्यामुळे स्थानिक सरदारांच्या हाती अधिकार राहतो आणि टपाल वाहणाऱ्या यानांचे जाळे उभारावे लागते. अशक्य इंजिनातून संभाव्य समाज उभा राहतो. आनंदवर्धनाच्या परिभाषेत, येथे श्रुत सुस्पष्ट आहे आणि त्यापलीकडे काही जोडलेले नाही.

दुसऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. उडीपूर्वी ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट अंतर गाठावे, असा दंडक आहे. पृथ्वीच्या बाबतीत हे अंतर सुमारे पावणेतेरा लाख किलोमीटर भरते. अर्ध्या वाटेपर्यंत एक गुरुत्वत्वरणाने वेग वाढवायचा आणि उरलेल्या वाटेत तेवढाच कमी करायचा, तर सव्वासहा तास लागतात आणि एकूण वेगबदल सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर होतो. विकास इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला सुमारे २.९ किलोमीटर आहे. त्सिओल्कोव्हस्कीच्या समीकरणात हे आकडे घातले असता एक किलोच्या यानालाही सूर्याच्या वस्तुमानापेक्षा अधिक प्रणोदक लागते. खेळातील व्यापारी मात्र हा प्रवास नित्याच्या फेरीसारखा करतो. यावर तोडगा म्हणून मागे काहीही न फेकता पुढे सरकणारे इंजिन मानले गेले. त्याने संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो, हा झाला पदार्थविज्ञानाचा आक्षेप. वाङ्मयीन आक्षेप त्याहून गंभीर आहे. नियमांप्रमाणे यान चार आठवडे चालत राहिले तर त्याचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ८ टक्के होतो. १०० टन वस्तुमानाचे असे यान ग्रहावर आदळले तर सहा हजार मेगाटनांहून अधिक ऊर्जा मुक्त होते. ज्या विश्वात कोणत्याही भुरट्या चाच्याच्या हाती हे साधन आहे, तेथे चाचे मालाची गाठोडी का लुटतात आणि शहरे शाबूत कशी राहतात, याचे उत्तर संहितेजवळ नाही. इंजिन फुकट झाल्यामुळे कथानक बिघडते.

१९९३च्या ‘ट्रॅव्हलर : द न्यू इरा’ या आवृत्तीत हे इंजिन काढून टाकून त्याजागी तप्त हायड्रोजन मागे फेकणारे प्लाझ्मा-इंजिन आणले गेले. प्रकृतीचा निकष श्रुतावर मात करू पाहत होता. यानांना इंधनाच्या मोठ्या टाक्या आल्या, वाटा बदलल्या, आणि जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना आपले विश्व हिरावून घेतल्यासारखे वाटले. तरीही हिशेब पुरता जुळला नाही. वायू सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने फेकून १०० टनांच्या यानाला एक गुरुत्वत्वरण द्यायचे, तर सुमारे ५०० गिगावॅट शक्ती लागते. भारतातील सर्व वीजकेंद्रांची मिळून स्थापित क्षमता २०२५ मध्ये या आकड्यापर्यंत पोहोचली. पुढील आवृत्त्यांत, उदाहरणार्थ २००८च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये, काहीही न फेकणारे इंजिन परत आले आणि प्रणोदक फेकणारे इंजिन पर्याय म्हणून उरले. शेवटी श्रुताने प्रकृतीवर मात केली.

४

यावरून श्रुत हेच सर्वस्व, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच त्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असे त्यांनी दाखवले. हीच विमाने एखाद्या कथेत आली असती तर चिकित्सेची गरज पडली नसती. ग्रंथाने स्वतःला शास्त्र म्हणवले, म्हणून त्याला केवळ प्रकृतीचाच निकष लागू पडतो. तेथे श्रुताचा आधार घेणे म्हणजे एका प्रकारची सवलत दुसऱ्या प्रकारात चोरून नेणे होय. कोणती संहिता कोणता दावा करते, हे ठरवल्याखेरीज संभाव्यतेची चर्चा निरर्थक ठरते.

५

आता झाकलेल्या बाबीकडे वळता येईल. पनवेलनजीक पाताळगंगेच्या परिसरात रसायनी येथे हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या १९६०मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक कंपनीचा कारखाना उभा राहिला. नायट्रोबेन्झीन, अ‍ॅनिलीन यांसारख्या मूलरसायनांबरोबर तेथे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडही तयार होत असे. विकास इंजिनात इंधन जाळणारा ऑक्सिडीकारक तो हाच. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा विकासवर चालतो. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३च्या मधल्या टप्प्यातही दोन विकास इंजिने होती. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एकच विभाग वगळला : डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. देशातील या द्रव्याचा तो एकमेव स्रोत असल्यामुळे सुमारे २० एकर जमीन आणि संबंधित कर्मचारी यांच्यासह तो अवकाश संशोधन संस्थेकडे सोपवण्याचे ठरले. कारखान्याच्या इतर जमिनीपैकी मोठा भाग विकला जाणार होता.

खऱ्या इंजिनाच्या मागे असा मुलूख असतो : नदी, आम्ल, कामगार, ताळेबंद, बंद पडलेले आणि वगळलेले विभाग. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे चित्र पाहताना तो दिसत नाही. कल्पित इंजिनांच्या वादातही तो दिसत नाही. खेळाडू वायूचा वेग आणि टाकीचे आकारमान मोजतात, पण ती टाकी कोणी भरली, हे विचारत नाहीत. ‘ट्रॅव्हलर’मधील महाग्रहावरून इंधन गोळा करण्याचा नियम या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो आणि त्या खेळातील संस्मरणीय प्रसंग त्याच ठिकाणी घडतात, हा योगायोग नव्हे.

मराठी समीक्षेने विज्ञानकथेला बहुधा दोन दारांपाशी उभे केले आहे. विज्ञानाचे जाणकार तिच्यातील चुका काढतात. साहित्याचे जाणकार तिला रंजनात जमा करतात. पहिल्यांना प्रकृतीपलीकडे काही दिसत नाही, दुसऱ्यांना इंजिन हा वाङ्मयीन घटकच वाटत नाही. औचित्यविचार या दोहोंना जोडणारा आहे. इंजिन शक्य आहे का, या प्रश्नाबरोबरच त्याची किंमत कथेत कोण, कोठे आणि कशी चुकती करतो, हेही तो विचारावयास लावतो. रसायनीतून निघालेल्या टँकरचा मार्ग ज्या कथेत आहे, तिच्यातील यान कितीही दूर गेले तरी ते वाचकाला अनुचित वाटणार नाही.