अवटू रक्तपरीक्षा

गळ्याच्या पुढील भागातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे कार्य रक्तातील हॉर्मोनांच्या मापनावरून अजमावण्याची पद्धती. थायरॉक्सिन (टी-४) व ट्रायआयोडोथायरोनीन (टी-३) ही या ग्रंथीची प्रमुख हॉर्मोने होत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे अवटू-उद्दीपक हॉर्मोन (टीएसएच) त्यांच्या निर्मितीचे नियंत्रण करते.

इतिहास : ई. सी. केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळे केले. तथापि रक्तातील त्याची अत्यल्प मात्रा प्रत्यक्ष मोजता येत नसे. विश्रांत अवस्थेतील चयापचयाचा वेग किंवा रक्तातील प्रथिनबद्ध आयोडीन यांवरून अनुमान करीत. रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५०–६० या दशकाच्या अखेरीस इन्शुलिनासाठी किरणोत्सर्गी प्रतिरक्षा आमापन पद्धत शोधून काढली व पुढे ती अवटू हॉर्मोनांनाही लागू पडली. तीत रुग्णाच्या रक्तातील हॉर्मोन व किरणोत्सर्गी खूण केलेले हॉर्मोन यांत मर्यादित प्रतिपिंडांसाठी परीक्षानळीत स्पर्धा होते. रुग्णास किरणोत्सर्गी द्रव्य द्यावे लागत नाही. या कार्याबद्दल यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईतील कार्य : शीव, वडाळा, अँटॉप हिल या वस्त्यांच्या दक्षिणेस परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये स्थापन झाले. अवटू विकारांचे निदान व किरणोत्सर्गी आयोडिनाचे उपचार यांसाठी ते प्रसिद्ध आहे. परळच्याच बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळण कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबांवरून नवजातांची चाचणी केली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सु. २,८०० नवजातांमागे एकास जन्मजात अवटू-न्यूनता आढळली. असे मूल जन्मतः बहुधा निरोगी दिसते; परंतु पहिल्या काही आठवड्यांत उपचार न झाल्यास त्याची बौद्धिक वाढ कायमची खुंटते.

निष्कर्षांचा अर्थ : टी-४ कमी व टीएसएच अधिक असल्यास ग्रंथीचे कार्य मंद, तर टी-४ अधिक व टीएसएच अत्यल्प असल्यास ते अतिरिक्त समजतात. टी-४ प्राकृत असून केवळ टीएसएच किंचित वाढलेले असल्यास एकाच चाचणीवरून निर्णय घेत नाहीत. टीएसएचची पातळी रात्री वाढते. गर्भारपण, अन्य गंभीर आजार व काही औषधे यांमुळेही ती बदलते. बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतल्यास काही मापने चुकतात. म्हणून अशा प्रौढाची काही आठवड्यांनी फेरतपासणी करतात.

फेरतपासणी : थायरॉक्सिनाचा रक्तातील अर्धायुकाल सु. ७ दिवस असून पोष ग्रंथीस नव्या पातळीशी जुळवून घेण्यास अधिक अवधी लागतो. त्यामुळे प्रौढांत औषधाची मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी चाचणी करतात. त्याआधीच्या आकड्यांवरून पुन्हा मात्रा बदलणे दिशाभूल करणारे ठरते. गर्भवतींची तपासणी अधिक वेळा करतात. नवजातांत मात्र निदानाची खात्री व उपचार यांत विलंब करीत नाहीत.