मणिपूरमधील एच.आय.व्ही. प्रतिबंध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली तत्कालीन मद्रास येथे झाली. पुढे महाराष्ट्रासह देशाच्या बहुतांश भागांत हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरला. ईशान्येकडील मणिपूरमध्ये मात्र साथीचा आरंभ अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या तरुणांपासून झाला. ही साथ कशी पसरली व तिला आवर घालण्याचा मार्ग कसा सापडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

साथीची पार्श्वभूमी :
१९८० च्या दशकात ब्रह्मदेशातून (म्यानमार) सीमेवरील मोरेह गावामार्गे इंफाळमध्ये हेरॉईन येऊ लागले. तेथे ते 'नंबर फोर' या नावाने ओळखले जाई. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने अशा पदार्थांचे सेवन हा दंडनीय गुन्हा ठरविला. सुई जवळ सापडणे म्हणजे संशयास कारण. औषध विक्रेतेही सुई देण्यास कचरत. परिणामी एकच सुई अनेकांच्या हाती फिरू लागली. वापरलेल्या सुईत व सिरिंजमध्ये उरलेले रक्त पुढील व्यक्तीच्या थेट रक्तप्रवाहात जात असल्याने संसर्गास याहून जवळची वाट नव्हती. सप्टेंबर १९८९ पर्यंत तपासलेल्या अशा व्यक्तींमध्ये एकही बाधित आढळला नव्हता. त्यानंतरच्या सहा महिन्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर गेले.

समाजाची प्रतिक्रिया :
मणिपुरी स्त्रियांच्या 'निशाबंदी' चळवळीने प्रथम दारूविरुद्ध व नंतर अमली पदार्थांविरुद्ध लढा दिला. त्यामागील तळमळ खरी होती. भूमिगत सशस्त्र संघटनांनीही व्यसनाधीनांना शिक्षा फर्मावल्या. तथापि भीतीमुळे व्यसन सुटले नाही, ते लपले. आणि लपलेल्या माणसापर्यंत आरोग्यसेवा पोहोचणे अधिकच कठीण झाले.

धोरणातील बदल :
१९९१ साली इंफाळमध्ये पूर्वाश्रमीच्या व्यसनाधीनांनी 'सोशल अवेअरनेस सर्व्हिस ऑर्गनायझेशन' (सासो) ही संस्था उभारली. ज्यांना समाज टाळत होता त्यांच्यापर्यंत त्यांच्यातीलच माणसे पोहोचू लागली. १९९६ साली मणिपूरने स्वतःचे एड्सविषयक धोरण स्वीकारले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होय. व्यसन सुटेपर्यंत न थांबता, निर्जंतुक सुया पुरवून संसर्ग टाळावा, हे 'हानी न्यूनीकरणा'चे तत्त्व त्यात मान्य झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ साली सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात सुयांच्या वाटपाबरोबर, तोंडावाटे पर्यायी औषध देण्याच्या उपचारासही स्थान मिळाले.

आकड्यांचा अर्थ :
राष्ट्रीय पाहणीनुसार मणिपूरमधील या गटातील बाधितांचे प्रमाण २००३ साली सुमारे २४ टक्के, तर २००७ साली सुमारे १८ टक्के होते. ही घट स्वागतार्ह असली तरी ती सावधपणे वाचावी लागते. शासनाचा मोफत औषधोपचार २००४ मध्ये महाराष्ट्र व मणिपूरसह सहा राज्यांत सुरू झाला. तत्पूर्वी अनेक बाधित मृत्युमुखी पडले होते, आणि मृतांची गणना पाहणीत होत नाही. म्हणून घटत्या टक्केवारीत प्रतिबंधाच्या यशाबरोबरच एका पिढीचा अंतही दडलेला असतो.

समारोप :
१९९६ चे राज्यधोरण सुई देण्यास सांगत होते, तर १९८५ चा कायदा ती घेणाऱ्यास गुन्हेगार मानत होता. निर्जंतुक सुया पुरविणे हा गुन्हा ठरणार नाही, असे निःसंदिग्ध संरक्षण एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने दिले व तो सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. म्हणजे धोरण आणि कायदा यांचा मेळ बसण्यास दोन दशके लागली. मात्र सेवनाबद्दलची शिक्षा आजही कायम आहे. रोगाच्या साथीचा इतिहास हा विषाणूइतकाच समाजाने कोणाला आपले मानले, याचाही इतिहास असतो, हे मणिपूरच्या अनुभवावरून स्पष्ट होते.