टाके जमले, पण शरीर ऐकेना

आजची गोष्ट सुरू होते २३ डिसेंबर १९५४ ला, बॉस्टनमध्ये. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची एक किडनी त्याचा भाऊ रिचर्डला बसवली. ती चालली. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला.

मला आधी वाटायचं, हा सर्जरीचा विजय. पण खरी गंमत वेगळी आहे. दोघे एकसारखे जुळे होते. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. तो टिकला, म्हणजे शरीर भावाला परकं मानत नव्हतं.

परकं मानलं तर काय होतं, हे पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोत पाहिलं होतं. भाजलेल्या रुग्णाला दुसऱ्याची कातडी लावली, ती गेली. त्याच दात्याची पुन्हा लावली, ती आणखी लवकर गेली. शरीर लक्षात ठेवतं! म्हणजे हे काम रोगप्रतिकारशक्तीचं.

मग ज्यांना जुळा भाऊ नाही, त्यांचं काय? आधी अख्ख्या शरीरावर क्ष-किरण सोडून ही शक्ती दाबून पाहिली. बहुतेक रुग्ण दगावले. पहारेकरीच झोपवला, तर चोर घुसणारच ना! पुढे अझाथायोप्रिन हे औषध आलं. १९६२ मध्ये मरे यांनी मृत दात्याची किडनी बसवली, ती वर्षाहून जास्त चालली. तरी पहारा सरसकट ढिला होत होताच.

मोठं वळण आलं ते मातीतून. नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरची माती स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत पोचली. शोधत होते अँटिबायोटिक, पण तिच्यातल्या बुरशीत सापडलं सायक्लोस्पोरिन. हे टी-पेशींना मारत नाही. त्या एकमेकींना 'हल्ला करा' असा जो निरोप धाडतात, तो अडवतं. १९७८ मध्ये रॉय कॅल्न यांनी केंब्रिजमध्ये ते रुग्णांना दिलं, १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदय आणि यकृताच्या प्रत्यारोपणालाही मग खरा वेग आला.

पण फुकट काहीच नाही. हेच औषध किडनीलाही त्रास देऊ शकतं, त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण सतत तपासावं लागतं.

म्हणून मला वाटतं, शरीराशी झालेला हा कायमचा समझोता नाही. तो रोज नव्याने करावा लागतो, गोळी घेऊन. तुमच्या ओळखीत कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल आणि 'आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?' असं ते म्हणाले, तर त्यांना ही गोष्ट सांगा. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच. डॉक्टरांना न विचारता एकही बंद करायची नाही.

भेटू पुढच्या भागात!