परसातला तेरा पायऱ्यांचा हौद

बडोद्याच्या जुन्या घरांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. झोपाळे, ओटले, गणपतीची मखरं, सगळं येतं. आज मी आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घराच्या परसात असलेल्या हौदाबद्दल लिहितो आहे. साधा हौद म्हणावा तर तो मोठा होता, आणि स्विमिंग पूल म्हणावा एवढी आमची ऐपत नव्हती. गुजराती शेजारी त्याला 'दाक्तरी होज' म्हणायचे. (परस म्हटलं की त्यांना कळायचं नाही, 'वाडो' म्हणावं लागे. आणि वाडो म्हटलं की पुण्याचे पाहुणे वाडा शोधायला लागत.)

आमचे वडील, नाना, बडोदा संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात झालं. खुर्ची तीच, कचेरी तीच, पण नानांनी तीन सरकारांची नोकरी केली. सुरुवातीची काही वर्षं ते निमेट्याला पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून १८९२ मध्ये शहराला नळाचं पाणी दिलं, हे आपण सगळे जाणतोच. ते पाणी उताराने वाहत येतं याचा नानांना फार अभिमान. "पाण्याला ढकलायचं नसतं, त्याला वाट द्यायची असते," असं ते जेवतानासुद्धा सांगायचे. आम्हाला तेव्हा ते पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण १९५४ ची. १९५६ च्या पावसाळ्यात तिला तीन दिवस ताप आला, आणि चौथ्या दिवशी ती उभी राहीना. पोलिओ. अमेरिकेत साल्क यांची लस आदल्याच वर्षी जाहीर झाली होती, पण आमच्या गल्लीपर्यंत लस यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. उजवा पाय पूर्ण गेला, डावा अर्धा राहिला. आईने नवस केले, तेलं चोळली. एका सुजाण डॉक्टरांनी मात्र नानांना सांगितलं की हिला पाण्यात चालवा. जमिनीवर जो पाय शरीराचा भार पेलू शकत नाही तो पाण्यात पेलतो. कमरेइतक्या पाण्यात माणसाचा भार साधारण निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात एक-तृतीयांशाच्या आसपास राहतो. त्यांनी रूझवेल्ट यांची गोष्टही सांगितली. १९२१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या पायांतली शक्ती गेली. पुढे ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या कोमट झऱ्यांत तासन्‌तास व्यायाम करत. १९३३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा लोकांनी वर्गणी काढून व्हाइट हाउसमध्ये त्यांच्यासाठी पोहण्याचा तलाव बांधला. (निक्सन यांच्या काळात त्यावर तक्तपोशी घालून पत्रकारांची खोली केली. आज टीव्हीवर जी दिसते ती तीच.)

नानांनी ही गोष्ट घरी येऊन आईला सांगितली. आई म्हणाली, "त्यांच्याकडे वर्गणी द्यायला अख्खा देश होता."

आधी सरळ मार्ग करून पाहिला. एका तरणतलावावर नाना तिला खांद्यावर बसवून घेऊन गेले. मी टॉवेल धरून मागे. तिथल्या साहेबांनी उद्धटपणा केला नाही, आणि तेच जास्त लागलं. "इतर पालक तक्रार करतात हो, रोग पसरेल म्हणतात." चार वर्षांपूर्वी होऊन गेलेला आजार तिच्या अंगातून आता पसरणार नव्हता, हे नानांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट समजावलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी करून परत दिली. परतताना नाना एक शब्द बोलले नाहीत. बहीण मात्र विचारत राहिली की पाणी निळं का होतं.

ही गोष्ट १९६० च्या उन्हाळ्यातली. दिवाळीनंतर परसात दोऱ्या बांधून आखणी सुरू झाली.

नानांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. मी जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले, पण इतकी स्वच्छ वही क्वचित पाहिली. एकूण खर्च १,८७२ रुपये ४५ नये पैसे. जमेच्या बाजूला प्रॉव्हिडंट फंडातून उचल, आणि खाली एक ओळ : 'सौ.कडून'. या ओळीचा अर्थ आईच्या पाटल्या. हे मला आई गेल्यावर मावशीने सांगितलं.

आता बांधकाम. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण मग हौद कळणार नाही.

लांबी २४ फूट, रुंदी ९ फूट. त्यातली जवळजवळ निम्मी लांबी पायऱ्यांनी खाल्लेली. कडियाने पहिल्याच दिवशी हे पाहून सांगितलं, साहेब, पायऱ्या उभ्या करा, जागा वाचेल. नानांनी ऐकलं नाही. पायरीची उंची त्यांनी आधी घरात ठरवली होती. बहिणीला भिंतीला धरून उभं केलं आणि तिच्या डाव्या पायापुढे विटा, पाट, पुस्तकं रचून पाहिली. चार इंचांपर्यंत ती पाऊल उचलू शकत होती. पाच इंचाला हाताने मांडी उचलावी लागे. म्हणून चार इंच. कठड्यापासून तळापर्यंत चार फूट चार इंच, म्हणजे तेरा पायऱ्या, प्रत्येक दहा इंच रुंद.

ही कल्पना कुठून आली ते मला ठाऊक आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव आहे, १४०५ सालची. राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला, म्हणजे वाव त्याच्यापेक्षा पावणेपाचशे वर्षांनी थोरली. नाना एकदा कामानिमित्त गेले तेव्हा मला बरोबर नेलं होतं. विहिरीवर पाणी खाली गेलं की माणूस रहाट लावून पाणी वर ओढतो. वावेत माणूसच पाण्यापर्यंत उतरतो. पाणी कुठेही असो, शेवटच्या कोरड्या पायरीपाशी ते भेटतंच. आमच्या हौदात हेच होतं. पाणी कमी-जास्त केलं तरी बहीण स्वतःच्या पायाने त्याच्यापर्यंत पोचायची. शिडी असती तर तिला उचलून ठेवावं लागलं असतं.

कठडा जमिनीपासून दीड फूट वर आणि चांगला रुंद. त्यावर ती बसायची, कॅलिपर सोडायची, ढुंगणावर वळून पाय आत घ्यायची. पायऱ्यांपासून थेट समोरच्या भिंतीपर्यंत दोन्ही हातांना लोखंडी पाइपच्या दांड्या, तिच्या खांद्यांच्या मापाने. वर्षा-दोन वर्षांनी त्या उकलून लांब बसवता याव्यात म्हणून भिंतीत जादा भोकं आधीच ठेवलेली. तळाला कोबा, वर सिमेंटचा गिलावा, पण मुद्दाम खरबरीत ठेवलेला. तळ आरशासारखा घोटून देणं हा कडियाच्या अभिमानाचा विषय, त्यामुळे तिथेही वाद झाला.

एक गोष्ट साफ फसली. थंडीत पाणी गार, म्हणून नानांनी पायऱ्यांपाशी खाचेत सरकणारी फळी बसवली होती, कालव्याच्या दारासारखी. तेवढाच कप्पा बंद करून बंबाचं कढत पाणी ओतायचं, असा बेत. पाच बंब ओतले तरी पाणी कोमटसुद्धा होईना. आईने सहाव्या बंबाला नकार दिला. पुढे थंडीचे दोन महिने हौदाला सुट्टी असे, आणि फळीवर पापड वाळत.

पाणी विहिरीचं, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपाने रात्रभर भरायचं. पहिल्या वर्षी अडीच फूट, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. गढूळ वाटलं तर तुरटी. रोज सूर्यास्तानंतर अडीच-तीन तोळे ब्लीचिंग पावडर, आजीच्या तराजूने तोललेली. उन्हात क्लोरीन उडून जातो, म्हणून संध्याकाळी. आजी म्हणायची, एका पोरीसाठी एवढं पाणी नासायचं? त्यालाही उत्तर आधीच बांधलेलं होतं. हौदाचं जुनं पाणी पावडर न टाकता दोन दिवस उन्हात ठेवायचं आणि पाटाने केळी आणि अळवाला सोडायचं. पहिला घड उतरला तेव्हा आजीने तो गल्लीत वाटला आणि नासाडीचा विषय बंद झाला.

आणि भिंतीवरच्या रेघा. दर गुढीपाडव्याला नाना तिला तळावर उभी करत, छातीपाशी भिंतीवर गेरूने रेघ ओढत आणि वर्ष घालत. त्या वर्षी पाणी त्या रेघेपर्यंत. आमची उंची दाराच्या चौकटीवर लिहिली जाई, तिची हौदात.

आता माझ्या खात्यातली नोंद. ऑगस्ट १९६३. मी चौदा वर्षांचा. नाना दौऱ्यावर होते आणि आठवडाभर झड लागली होती. हौदात शेवाळ धरलं. नाना येण्याआधी स्वच्छ करून ठेवू, शाबासकी मिळेल, म्हणून मी सगळं पाणी सोडून दिलं. तळाच्या मध्यभागी बूच लावलेला एक पाइप होता. नानांनी बजावलं होतं की पावसाळ्यात हौद रिकामा करायचा नाही, आणि करावाच लागला तर आधी ते बूच काढायचं. मला वाटलं, पाणी जायची मोरी दुसरीकडे आहे, मग याचं काय काम? काम असं होतं : आमच्याकडची जमीन काळी, चिकण. ती पाण्याने फुगते, आणि झडीत जमिनीतलं पाणी तळाच्या वर येऊन उभं राहतं. हौद भरलेला असेल तर आतलं वजन त्याला दाबून धरतं. रिकामा केला की खालचं पाणी तळाला वर ढकलतं, नाव पाण्यात उचलली जावी तसं. बूच काढलं असतं तर तेच पाणी पाइपातून शांतपणे आत आलं असतं. पाण्याला वाट मिळाली असती.

रात्री आवाज आला. सकाळी पाहिलं तर तळ मधोमध चार बोटं फुगून फुटला होता, आणि दोन पायऱ्या भिंतीपासून सुटल्या होत्या.

नानांनी मला मारलं नाही. वहीत 'दुरुस्ती' असं पान उघडलं. पण तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं. परवाना यायला आणि जमीन सुकायला मिळून आठ महिने गेले. डॉक्टर म्हणाले होते की वाढीच्या वयात खंड पडू देऊ नका. त्या आठ महिन्यांत तिचा डावा गुडघा आखडला. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. खंड पडला नसता तर आखडला नसता का? दोन डॉक्टरांना मी पुढे विचारलं, एक हो म्हणाले, एक नाही. बहिणीला कधी विचारलं नाही. ती १९६४ च्या पाडव्याची रेघ भिंतीवर नाही, एवढं मी रोज बघत होतो.

१९७० पर्यंत हौद चालला. मग ती कॉलेजात गेली, काठी आणि एका कॅलिपरवर चालू लागली, शाळेत शिक्षिका झाली, पोरांवर ओरडून निवृत्त झाली. नाना १९८४ मध्ये गेले. हौदात पुढे तुळस, मग अडगळ. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला तेव्हा तो पुन्हा काठोकाठ भरला. विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यावर दिसत होत्या, म्हणून शेजारचा मुलगा काठी घेऊन आमच्या हौदात मगर शोधत होता. निघाला एक बेडूक.

दोन वर्षांनी माझ्या मुलाने भायलीला बंगला बांधायला घेतला. मागे स्विमिंग पूल. नकाशा घेऊन घरी आला : आरसीसीची टाकी, वाळूचा फिल्टर, पाण्याखाली दिवे, एका बाजूला धबधबा. उतरायला स्टीलची शिडी. बहीण तेव्हा सदुसष्टची. पोलिओ झालेल्यांना उतारवयात पुन्हा अशक्तपणा येतो तसा तिला आला होता, घरातल्या घरात वॉकर लागत होता. तिने चष्मा लावून नकाशा पाहिला आणि विचारलं, "यात मी कुठून उतरायचं?"

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बाबाजीपुऱ्याला गेला आणि तेरा पायऱ्या मोजून आला. धबधबा रद्द झाला, कारण पायऱ्यांना जागा लागली. मी एकच गोष्ट विचारली, तळाला बूच ठेवलं आहे का. डिझाइन करणारी मुलगी म्हणाली, काका, आता त्याला व्हॉल्व्ह असतो, खालून दाब आला की आपोआप उघडतो. मी तिच्याकडून तो दोनदा उघडून दाखवून घेतला.

पाडव्याला बहीण पहिल्यांदा उतरली. सातव्या पायरीवर थांबून मला म्हणाली, "दादा, चौसष्टची रेघ कुठे होती रे?" मी म्हटलं, नाहीच ती. ती म्हणाली, "माहीत आहे. त्या वर्षी मी एक इंचसुद्धा वाढले नव्हते. काढली असती तरी त्रेसष्टच्याच रेघेवर आली असती. उगाच तोंड पाडून बसतोस." आणि पुढे उतरली.

बाबाजीपुऱ्याचं घर आता बिल्डरला दिलं आहे. पाडण्याआधी मी भिंतीवरच्या नऊ रेघांची मापं वहीत उतरवून घेतली. हौदाचा मात्र एकही फोटो आमच्याकडे नाही. १९६१ ते ७० मध्ये त्या गल्लीत कुणाची मुंज-लग्न झाली असतील आणि मागे दीड फुटी कठडा, केळी किंवा दोन लोखंडी दांड्या दिसत असतील, तर कृपया जुने अल्बम एकदा चाळून बघा आणि इथे टाका.